पहिल्या रात्रीचे वीस हजार

आमची गाठ पडली ती नवव्या दिवशी. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, नवजात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बाळाची आत्या बसली होती. मांडीवर साडीच्या दुकानाची एक पिशवी. आधार कार्डांच्या झेरॉक्स, सोनोग्राफीचे रिपोर्ट, डिपॉझिटच्या पावत्या आणि सराफाची एक चिठ्ठी, सगळं त्या एका पिशवीत कोंबलेलं. रेशन कार्ड नव्हतं. उत्पन्नाचा दाखला नव्हता. या दोन कागदांपायी पुढचे पंचवीस दिवस कसे गेले आणि सगळं मिळाल्यावरही काय मिळालं नाही, त्याची ही नोंद.

ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. रुग्णालयाचं नाव देत नाही. मी बँकेतून निवृत्त झालो. आम्ही चार-पाच जण मिळून रुग्णांच्या नातेवाइकांना अर्ज-दाखल्यांच्या कामात हातभार लावतो, बस एवढंच. आमच्याकडे स्वतःचा निधी नाही.

कुटुंब

नवरा-बायको हिंगोली जिल्ह्यातून आलेले. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत दहा बाय दहाची खोली, भाडं साडेचार हजार, भाडेकरार नाही. नवरा बांधकामावर बिगारी, रोज सहाशे. महिन्यात बावीस दिवस काम मिळालं तर बरा महिना. पावसाळ्यात तेही नाही. बायको तीन घरी धुणंभांडी करायची, प्रत्येकी अठराशे. सहावा महिना संपताना पायाला सूज आली, तिनं कामं सोडली. रक्तदाब वाढत होता, पण तो किती गंभीर आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, एकतिसाव्या आठवड्यात, रात्री कळा सुरू झाल्या.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं. मुलगी, वजन एक किलो साडेतीनशे ग्रॅम. श्वास नीट घेत नव्हती आणि तिथल्या नवजात कक्षात जागा नव्हती. १०८च्या गाडीतून बाळाला या रुग्णालयात आणलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. सोबत बाप आणि आत्या. आई तिकडेच, टाके घातलेली.

काउंटरवर काय झालं

बाळाला वर नेलं, ऑक्सिजन लावला, काचेच्या पेटीत ठेवलं. यात एका मिनिटाची दिरंगाई झाली नाही, हे आधी सांगायला हवं. डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबद्दल या कुटुंबाची तक्रार तेव्हाही नव्हती, आजही नाही. भानगड खालच्या मजल्यावरची. काउंटरवरच्या मुलानं तीस हजार डिपॉझिट सांगितलं. बापानं मुकादमाला फोन केला. मुकादम मध्यरात्री मोटारसायकलवर आला आणि वीस हजारांची उचल देऊन गेला. वीस हजारांवर काउंटरनं फाइल केली आणि फाइलवर शिक्का मारला: ‘कॅश’.

या एका शब्दानं पुढचं सगळं ठरवलं.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना लागू असलेली योजना साधी आहे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ४१ कक आहे. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये एक योजना मंजूर केली आणि ती त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू झाली. विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या. खर्चासाठी वेगळं खातं: निर्धन रुग्ण निधी. रुग्णालयात सगळे त्याला ‘आयपीएफ’ म्हणतात. बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम दरमहा या खात्यात टाकायची. निर्धन रुग्णाचं बिल सर्वात खालच्या वर्गाच्या दराने करायचं, औषधं खरेदीच्या भावाने लावायची, डॉक्टरांनी फी सोडायची, आणि जे उरेल ते आयपीएफमधून वळतं करायचं. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधं आणि इतर वापराच्या साहित्याचा निदान निम्मा खर्च भरायचा.

आणि त्याच योजनेत स्पष्ट लिहिलंय की तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट मागायचं नाही.

एप्रिल २०२५मध्ये पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर याच डिपॉझिटवरून केवढा गदारोळ झाला होता, वाचकांना आठवत असेल. त्यानंतर बहुतेक ठिकाणी फलक ठळक झाले. या रुग्णालयातही लिफ्टशेजारी योजनेचा फलक होता, मराठीत, चांगल्या मोठ्या अक्षरात. रात्री साडेअकरा वाजता, वर बाळ कसं आहे ते माहीत नसताना, तो फलक कोण वाचणार? आत्याला वाचता येतं. ती मला म्हणाली, “काका, मला ती औषधाची जाहिरात वाटली.”

नऊ दिवसांचा हिशेब

तिसऱ्या दिवशी बिलिंगमधून निरोप आला, पैसे भरा. आत्याच्या बचत गटातून दहा हजार आणि तिच्या घरचे सात हजार गेले. सहाव्या दिवशी पुन्हा निरोप. या वेळी आईचं डोरलं सराफाकडे गेलं: पंचवीस हजार, महिना दोन टक्के. नवव्या दिवशी बिल एक लाख चार हजारांवर होतं आणि बासष्ट हजार भरून झाले होते. त्या दिवशी आत्या बाकड्यावर रडत असताना एका सफाई कर्मचारी मावशींनी तिला आमचा नंबर दिला. मदतीपर्यंत पोचण्याचा मार्ग हा असा. फलक नाही, संकेतस्थळ नाही, मावशी.

आम्ही सर्वात आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची खिडकी गाठली. ही योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, संगणकात पाहून सांगितलं की या रुग्णालयाची नोंद काही ठरावीक उपचारांपुरती आहे आणि नवजात अतिदक्षता त्यात नाही. जिथे आहे तिथे बाळ हलवायचं का? डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर तरी हात लावू नका. प्रश्न संपला.

मग दहाव्या दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकारी बाईंकडे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. लेखी देणं आणि पोच घेणं, या दोन गोष्टींवर मी बँकेतल्या सवयीने अडून बसतो. बाई भल्या होत्या, दिवसाला असे तीस-चाळीस जण त्यांच्यासमोर उभे राहतात. त्या म्हणाल्या, “कागद आणा, मी आजच करते. पण फाइल कॅशची आहे. कॅशची फाइल आयपीएफला नेणं म्हणजे वर सही लागते.” म्हणजे पहिल्या रात्री कुणी तोंडाने म्हटलं असतं की आमची नोंद आयपीएफमध्ये करा, तर कागद मागाहून आणायची मुभा मिळण्यासारखी होती. आता आधी कागद, मग सही.

दाखल्याची गोष्ट

योजनेला पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड, दारिद्र्यरेषेचं कार्ड चालतं. रेशन कार्ड गावी होतं, केशरी, सासऱ्यांच्या नावावर, त्यात दोन दीर, त्यांच्या बायका आणि एक वारलेली आजी. या सुनेचं नाव त्यात चढवलेलं नव्हतं. आधार कार्ड माहेरच्या नावाचं आणि माहेरच्या पत्त्याचं. पुण्यात राहत असल्याचा एकही कागद नाही, कारण घरमालक करार करत नाही. करार केला की भाडेकरू डोक्यावर बसतो अशी त्याची समजूत.

शहरातल्या गरिबांना मदत मिळत नाही याचं कारण लोक बहुतेक वेळा ‘जागृती नाही’ असं सांगतात. माझ्या अनुभवात ते अर्धंच खरं आहे. माणूस गाव सोडतो, पण त्याचे कागद गावातच राहतात. शहरात तो फक्त कामाला असतो.

बाप बाराव्या दिवशी हिंगोलीला गेला आणि चौदाव्या दिवशी कार्ड, सरपंचांचं पत्र घेऊन परतला. इकडे समाजसेवा बाईंनी रुग्ण दाखल असल्याचं पत्र दिलं, ते अर्जाला जोडल्याने दाखला लवकर निघेल अशी आशा होती, आणि सतराव्या दिवशी तो निघाला. एरवी पंधरा दिवस गृहीत धरावे लागतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती सोयीची नाही. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,०००पर्यंत. दुर्बल म्हणजे ३,६०,०००पर्यंत. बापाचे रोज सहाशे, महिना बावीस दिवस, बारा महिने: एक लाख अठ्ठावन्न हजार चारशे. आईने वर्षातले सहा महिने तीन घरची कामं केली, त्याचे बत्तीस हजार चारशे. बेरीज एक लाख नव्वद हजार आठशे. म्हणजे मर्यादेच्या दहा हजार आठशे रुपये वर. आईचं धुणंभांडं धरलं तर कुटुंब दुर्बल, न धरलं तर निर्धन. चौकशीला आलेल्या कर्मचाऱ्याने फक्त नवऱ्याच्या कामाचं विचारलं. बायकोचं कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. दाखला एक लाख अठ्ठावन्न हजारांचा निघाला.

बरोबर केलं का, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. एवढं मात्र सांगतो की १,८०,००० म्हणजे महिना पंधरा हजार, आणि ही रेषा हिंगोलीच्या खेड्यात आणि पुण्याच्या वस्तीत एकच आहे. सहाशे रोजाने महिन्यात पंचवीस दिवस भरले की एकटा बिगारी त्या रेषेवर उभा राहतो. घरातलं दुसरं माणूस कमावू लागलं की ते घर शासनाच्या लेखी निर्धन राहत नाही. खोलीचं साडेचार हजार भाडं कुठल्याच तक्त्यात येत नाही.

इतर दारं

दाखल्याची वाट पाहताना आम्ही बाकीच्या ठिकाणीही अर्ज टाकले. मुख्यमंत्री सहायता निधीला रुग्णालयाच्या खर्चाचं एस्टिमेट, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि रुग्णाचा जिओ टॅग फोटो, म्हणजे कुठे काढला त्याची नोंद असलेला फोटो, लागतो. पेटीतल्या बाळाचा जिओ टॅग फोटो सिस्टरनीच काढून दिला, तोही दुसऱ्यांदा, कारण पहिल्यात काचेवर फ्लॅश आला होता. पण तिथेही उत्तर हेच की धर्मादाय योजनेत बसत असेल तर आधी ती वापरा. आणि एकदा खर्च करून बसलात की मागाहून भरपाई मिळत नाही. त्यांचं म्हणणं वाजवी आहे. अर्ज तिथेच थांबला.

देवस्थानं आणि खासगी विश्वस्त संस्थांची पद्धतही साधारण एकसारखी. मुंबईचं सिद्धिविनायक न्यास असो की पेठेतला एखादा ज्ञातीचा ट्रस्ट, मदतीचा धनादेश रुग्णालयाच्या नावाने निघतो, रुग्णाच्या हातात येत नाही. का, हे मला बँकेत तीस वर्षं काढल्यावर कुणी समजावायला नको. एकाच एस्टिमेटच्या रंगीत झेरॉक्स काढून सहा ट्रस्टांकडून पैसे उचललेले लोक मी पाहिले आहेत. आम्ही तीन ट्रस्टांना पत्रं पाठवली. एकाने नकार कळवला, एकाने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याचं पुढे सांगतो.

ज्या दारावर या कुटुंबाचा खरा हक्क होता ते मात्र बंद सापडलं. राज्यात बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे. इमारतींच्या बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घेऊन त्याचा निधी उभा राहतो. नोंदणी झालेल्या कामगाराच्या पत्नीला बाळंतपणासाठी १५ हजार, शस्त्रक्रिया झाली तर २० हजार मिळतात, गंभीर आजाराला वेगळी मदत आहे. हा धर्मादाय पैसा नाही, त्यांच्याच कामावर गोळा झालेला आहे. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते सहसा ठेकेदाराकडून घ्यायचं. त्याच मुकादमाला, जो मध्यरात्री वीस हजार घेऊन धावत आला, बाप दोन वर्षं हे प्रमाणपत्र मागत होता. मुकादम सही करत नाही. सही केली की आपण नव्वद दिवस माणूस ठेवला हे कबूल केल्यासारखं होतं. उचल मात्र तो कधीही देतो.

मला या प्रकरणातला सर्वात न विसरता येणारा माणूस हा मुकादम वाटतो. वाईट म्हणावं तर त्याच्या वीस हजारांवाचून ती रात्र निघाली नसती.

निकाल

अठराव्या दिवशी दाखला दिला. रुग्णालयाने वर्गबदल मान्य केला, पण त्या दिवसापासून. आधीचं बिल कॅशमध्येच राहील, असं उत्तर आलं. आम्ही धर्मादाय आयुक्तालयाच्या पुणे कार्यालयात अर्ज केला. मुद्दा एकच मांडला: रुग्ण निर्धन आहे तो दाखल्याच्या तारखेपासून नव्हे, दाखल झाला त्या तारखेपासून, आणि तातडीच्या रुग्णाकडून डिपॉझिट घेणंच योजनेत बसत नाही. तिथल्या निरीक्षकांनी रुग्णालयाला फोन केला. पत्रव्यवहार झाला. शेवटी तडजोड अशी निघाली की पहिल्या दिवसापासूनचं संपूर्ण बिल निर्धन दराने नव्याने करायचं आणि उरलेली रक्कम आयपीएफला टाकायची, पण भरलेले पैसे परत होणार नाहीत. एकूण बिल दोन लाख एकेचाळीस हजार झालं. त्यातले बासष्ट हजार वजा जाऊन एक लाख एकोणऐंशी हजार निधीतून गेले.

परताव्यासाठी भांडायला हवं होतं, असं आमच्यातल्या एका सहकारी बाईचं म्हणणं आहे. कायद्याने तिचं बरोबर आहे. पण बाळ अजून वर होतं, बाप म्हणाला, “आता नको काका. तिला घरी जाऊ द्या.” आम्ही थांबलो. नंतर त्याला पुन्हा विचारलं, तर तो कामाचा दिवस मोडायला तयार नव्हता. चौतीस दिवसांत त्याचे एकोणीस खाडे झाले होते, म्हणजे अकरा हजार चारशे रुपये रोजगार बुडालेला.

चौतिसाव्या दिवशी मुलगी घरी गेली, वजन एक किलो नऊशे. त्याआधी डोळ्यांची तपासणी झाली. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांची ती महिन्याच्या आत व्हावी लागते, नाहीतर दृष्टी जाण्याचा धोका असतो. ती सुटू नये म्हणून समाजसेवा बाईंनी स्वतः लक्ष घातलं. डोळे नीट होते.

रुग्णालयाच्या नोंदीत हे प्रकरण यशस्वी आहे: निर्धन रुग्ण, पूर्ण मोफत. कुटुंबाच्या बाजूने हिशेब निराळा दिसतो. मुकादम रोजच्या सहाशेतून दोनशे कापू लागला. वीस हजार फिटायला शंभर दिवस, म्हणजे साडेचार महिन्यांहून जास्त काम. त्या काळात दुसऱ्या साइटवर सातशे रोज मिळत होता, पण उचल अंगावर असताना सोडून जाता येत नाही. शंभर दिवसांचे शंभर-शंभर रुपये धरले तर दहा हजार आणखी गेले, आणि हे व्याज कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. डोरल्याचे महिना पाचशे वेगळे. बचत गटाचे दहा हजार आत्याच्या नावावर, आणि ती गटात मान खाली घालून बसते.

तिसरा ट्रस्ट

बाळ घरी गेल्यावर बाविसाव्या दिवशी तिसऱ्या ट्रस्टचा धनादेश आला. पंधरा हजार रुपये, रुग्णालयाच्या नावाने. रुग्णालयात बाळाच्या नावावर आता शून्य बाकी होती. हिशेब खात्याने धनादेश परत पाठवला, नियमाप्रमाणे.

मी ट्रस्टच्या सचिवांना फोन केला. सत्तरीपुढचे गृहस्थ, आवाज मवाळ. मी म्हटलं, तुमचे पंधरा हजार आणि वर थोडे घातले तर डोरलं सुटेल, सराफाची चिठ्ठी माझ्याकडे आहे, धनादेश सराफाच्या नावाने काढा, पावती मी आणून देतो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या घटनेत वैद्यकीय मदत आहे हो. गहाणवट सोडवणं कुठे बसवू?” मी म्हटलं, ते डोरलं औषधासाठीच गेलंय. “ते मला कळतंय,” ते म्हणाले, “ऑडिटरला कसं कळवू?”

त्यांनी विषय पुढच्या विश्वस्त बैठकीत ठेवला. त्या बैठकीला गणपूर्ती झाली नाही. तोवर आम्ही आमच्यापुरता एक बदल केला: वस्तीतल्या आशाताईंना धरून सातव्या महिन्यातल्या बायकांचे कागद आधीच पाहायला सुरुवात केली. नाव, पत्ता, रेशन कार्ड, दाखला, नवऱ्याची मंडळातली नोंदणी. आणि प्रत्येकीच्या घरी एक वाक्य पाठ करून घेतो, रात्री काउंटरवर म्हणायचं: आमची नोंद आयपीएफमध्ये करा, कागद आणून देतो. आतापर्यंत अकरा घरं झाली. दोघींच्या नवऱ्यांच्या प्रमाणपत्रावर ठेकेदाराने सही केली, नऊ जणांच्या नाही.

विश्वस्तांची बैठक आता पुढच्या महिन्यात आहे. सचिवांनी सराफाच्या चिठ्ठीची साक्षांकित प्रत मागवली आहे, दोन प्रतींत.